टिचनर बंधूंचा एक चेंडू

दार लोटून घे, टोबी, आणि बस. तूही बस, जेमा. उद्या संध्याकाळी तुम्ही तिघं गोल्फचे शेवटचे नऊ होल खेळायला जाणार म्हणता, म्हणून सांगतो. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो लेन टिचनर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. या गावातली निम्मी धुराडी त्याने बांधलीत. रचून काही सांगावं, एवढी कल्पनाशक्ती त्या माणसाकडे नव्हती.

२०२१ सालची तीस सप्टेंबर. गुरुवार. लेन आणि त्याचा धाकटा भाऊ बॅरी दुपारी चार वाजता ब्रॅकनहोल्ट क्लबवर गेले ते एक किल्ली परत करायला.

तेराव्या होलजवळ पाइनच्या झाडांत लाकडी खोली आहे ना, जिथे आता तुमच्या बॅटरीच्या गाड्या चार्ज होतात, तिची ती किल्ली. तेव्हा ती खोली कामगार मंडळाची होती. क्लब निघण्याआधी हा सगळा माळ गावाचा होता. लोक इथे गुरं सोडायचे, सरपण तोडायचे. मग पैसेवाल्यांनी माळ घेतला आणि बदल्यात गावाशी करार केला. गवंडी, सुतार, गाडीवान यांनी हेदरची झुडपं छाटायची, वाळूचे खड्डे नीट ठेवायचे, आणि साहेब लोक घरी गेले की संध्याकाळी खेळायचं. शंभर वर्षं हे चाललं. टिचनरांचा आजा खेळला, बाप खेळला. मग समितीने चार ओळींचं पत्र पाठवलं. एक ऑक्टोबरपासून करार रद्द, दीर्घ सेवेबद्दल आभार. मी ते पत्र पाहिलंय. त्यावरची सहीसुद्धा छापील होती.

ऑफिसात सेक्रेटरी एव्हर्शेड बसला होता. लेन त्याला म्हणाला, "आज शेवटची फेरी खेळतोय. किल्ली परत जाताना पेटीत टाकली तर चालेल ना? खोलीत टेलिफोन आहे. आमच्यात सगळेच सत्तरीचे."

"ऑफिस पाचला बंद होतं, मिस्टर टिचनर. किल्ली मला आत्ता लागेल. आणि मोबाईल गाडीतच ठेवा. मैदानावर चालत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तो नियम लावला तेव्हा तुम्ही शाळेत होतात," लेन म्हणाला.

बॅरीने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सोड रे लेन. त्याला घरी जाऊन चहा घ्यायचाय. अंधार पडायच्या आत अठराच्या अठरा करायचेत आपल्याला."

तेवढंच हवं होतं त्यांना. अठराच्या अठरा. दुसऱ्या दिवसापासून हा माळ त्यांना कुंपणाबाहेरूनच दिसणार होता.

ते दोघं जुन्या पद्धतीने खेळायचे, दोघांत एक चेंडू. एक फटका याचा, एक त्याचा. विषम होलची सुरुवात बॅरीने करायची, सम होलची लेनने, ज्याने त्याने आपल्या खिशातल्या चेंडूने. एक जण पहिला फटका मारेपर्यंत दुसरा थांबत नाही. तो आधीच पुढे चालत जातो, चेंडू कुठे पडतो ते बघायला. त्यामुळे खेळ भराभर होतो आणि जोडीदार बरोबर असा चालतच नाही. चाळीस वर्षं ते दोघे भाऊ एकमेकांची पाठ बघत हा माळ चालले.

त्या दिवशी बॅरी मागे पडत होता. लेन त्याला टोचत राहिला. "गॅसचे मीटर तपासायला आलायस का? चल की."

"तुझा प्रत्येक फटका झुडपांत जातो, म्हाताऱ्या. तो हुडकण्यात निम्मा परगणा पायी झाला माझा."

अकरावा होल संपल्यावर बॅरी बाकावर बसला. चाळीस वर्षांत तो त्या बाकावर कधी बसला नव्हता.

"दोन मिनिटं, लेन."

"दोन मिनिटं कुठली? पावणेसातला सूर्य मावळतो. सात होल राहिलेत."

"छातीत जरा जळजळतंय. दुपारचं जेवण बाधलं."

"तुझ्या बायकोच्या हातचं जेवण मलाही बाधतं. ऊठ. तू हो पुढे, चेंडू कुठे पडतो बघ. मी मारतो."

बॅरी उठला. पिशवी खांद्याला लावली, चढ चढला आणि पलीकडे उतरला. बारावा होल तुम्ही पाहिलाय. मध्ये उंचवटा आहे, मारणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. लेनने फटका मारला. चांगला बसला.

तो उंचवट्यावर आला तेव्हा समोर कोणी नव्हतं. सखल भागात धुकं बसायला लागलं होतं. चेंडू पडायला हवा होता तिथे नव्हता. तिथल्या गवताचा टवका नुकताच उडालेला होता, माती ओली होती, आणि चेंडू पार पुढे, होलभोवतीच्या हिरवळीवर, झेंड्याजवळ पडला होता. लेन खूश झाला. मला म्हणाला, "वाटलं, माझं बोलणं लागलं गड्याला. मारला आणि तडक पुढे गेला." तेराव्याची सुरुवात बॅरीचीच होती, तेव्हा तो पुढे जाणारच. लेनने चेंडू होलमध्ये घातला आणि घाईने निघाला.

झाडांत शिरतानाच त्याला पुढून फटक्याचा आवाज आला. खणखणीत. बाहेर आला तर बॅरी शंभर-दीडशे पावलं पुढे चालला होता. हेदरमध्ये कमरेपर्यंत बुडालेली पाठ. खांद्याला पिशवी.

"आता कसा!" लेन ओरडला. "जेवण पचलं वाटतं."

पाठीने हात वर केला. मागे न बघता.

चौदावा झाला. पंधरावा झाला. लेन आपला फटका मारायचा, आणि चालत जाईपर्यंत पुढचा फटका मारलेला असायचा. बॅरी असा कधी खेळला नव्हता. एकही चेंडू झुडपांत नाही. एकही वाळूत नाही.

सोळाव्यावर लेनला थांबावंसं वाटलं. दिवस गेला होता. हेदर काळं पडलं होतं. तो म्हणाला, "बॅरी, जरा थांब. बरोबर चालू."

पाठ थांबली.

लेनही थांबला. का थांबला, ते त्याला कधी सांगता आलं नाही. धुक्यात ते दोघे तसेच उभे... मध्ये पन्नास पावलं. बॅरीला दम लागला की त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा, लांबूनही ऐकू यायचा. त्या शांततेत तो आवाज नव्हता.

मग पाठ पुढे चालू लागली.

सतरावाही झाला.

अठराव्याची सुरुवात लेनची. मारला. दुसरा फटका बॅरीचा. अंधारातून आवाज तेवढा आला... खण्. चेंडू हिरवळीवर. मग लेनची वेळ. वीस फुटांवरून, चढावर. चेंडू दोन फूट अलीकडे थांबला.

सात वाजून पंचवीस मिनिटं. क्लबाचे दिवे बंद होते. हिरवळीच्या पलीकडच्या कडेला कोणीतरी उभं होतं. टोपी. पिशवी. चेहरा नाही दिसला.

"मार, बॅरी," लेन म्हणाला. "दोनच फूट आहेत. मग घरी जाऊ."

...

"बॅरी?"

...

झेंडा आडवा टाकायला लेन वाकला. वर बघितलं. पलीकडे कोणी नव्हतं.

टोबी, तो चेंडू लेनने मारला नाही. वेळ त्याची नव्हती. एकाने लागोपाठ दोनदा मारायचं नसतं, या खेळात ते पाप आहे. चेंडू तसाच ठेवून तो गाडीकडे गेला. गाडी बंद होती. काचेवर हात ठेवला. गार.

मग त्याला अकराव्याचा बाक आठवला.

गाडीतून टॉर्च घेतला. मोबाईलही घेतला, पण माळाच्या मधोमध त्याला रेंज नसते, तुम्हाला अनुभव आहे. अठरा, सतरा, सोळा, उलटा चालत गेला. हाका मारत. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. सव्वाआठला बाराव्याच्या उंचवट्याखाली टॉर्चच्या उजेडात बॅरीची टोपी दिसली.

वाटेपासून तीस पावलांवर. हेदरमध्ये. पालथा. पिशवी खांद्यालाच होती. सगळ्या स्टिक आत. एकही बाहेर काढलेली नव्हती.

लेन तेराव्याच्या खोलीकडे धावला. टेलिफोन तिथे होता. दाराला कुलूप होतं. किल्ली एव्हर्शेडच्या टेबलावर. त्याने कोपराने काच फोडली, आत हात घालून रिसीव्हर ओढला, मनगट फाटलं. रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांत आली. तिची आता कोणाला गरज नव्हती.

डॉक्टर लेनला खोटं सांगू शकला असता. नाही सांगितलं. बॅरी पडल्यापडल्या गेला नव्हता. अर्धा तास तरी होता. झुडपं मोडलेली होती, बारा यार्ड. बारा यार्ड तो सरपटत आला होता. मागच्या बाजूला. लेन जिथून येणार होता तिकडे.

आणि लेन तीस पावलांवरून गेला. खुशीत.

क्लबाच्या निवेदनात लिहिलं होतं, 'एका पाहुण्या खेळाडूचं दुःखद निधन.' पाहुण्या! ज्याच्या आजाने तो बारावा होल फावड्याने खणला, त्याला पाहुणा म्हणाले. मी तेव्हा इथल्या पेपरात होतो; माझ्या बातमीतून किल्लीचं वाक्य पेपरच्या वकिलाने काढलं. म्हणून गेली इतकी वर्षं मी ते तोंडाने सांगतोय, आणि ऐकणारा क्लबाचा मेंबर असला तर मुद्दाम सांगतो.

"मग..." तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस, जेमा, मोठ्याने बोल. "मग पुढे कोण चाललं होतं?"

हेच लेनने मला विचारलं. रात्रभर तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता, मनगटाला पट्टी बांधून. चहा चार वेळा गार झाला. म्हणत होता, "मी थांबू नये म्हणून तो पुढे चालला का रे? अठरा पुरे व्हावेत म्हणून? मला अठरा नको होते. त्याने हाक मारायची होती." मग पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी सहाला उठला. म्हणाला, "चेंडू तिथेच राहिलाय. तो त्या समितीच्या हातात जायला नको."

मी त्याच्याबरोबर गेलो. मैदानाचा मुख्य माळी रेज डनफर्ड आमच्या आधी आला होता. हिरवळीवरचं दव झाडायची लांब बांबूची काठी त्याच्या हातात होती, पण तो कडेलाच उभा होता. आत पाऊल टाकलं नव्हतं.

"मी काही हलवलं नाही, लेन," तो म्हणाला. "तू ये आणि बघ."

हिरवळ दवाने पांढरी झाली होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. माणसाचं पाऊल नाही, सशाचं नाही. झेंडा आडवा पडलेला, त्याच्यावरही दव. चेंडू कुठे दिसेना.

लेनने विचारलं, "काल दव कधी धरलं, रेज?"

"दहानंतर. मी कुत्रा फिरवत होतो, बूट कोरडे राहिले तोवर."

दहा वाजता, पोरांनो, बॅरी जिल्ह्याच्या शवागारात होता. आणि लेन माझ्या टेबलाशी.

त्या पांढऱ्या हिरवळीवर एकच हिरवी रेघ होती. बोटाएवढी रुंद. दोन फूट लांब. चढाच्या बाजूने सरळ गेलेली, आणि होलच्या काठाशी संपलेली.