कोपऱ्यावरचा चिंचोका

नेट सकाळपासून गेलं होतं आणि दुपारी तपासणीचे साहेब वर्ग बघायला यायचे होते. त्यांना पसंत पडलं नाही तर पोशीरकडच्या या शाळेतला संगणकवर्ग बंद, आणि त्याबरोबर संध्या मॅडमची कंत्राटी नोकरीही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! चडफडत ती उठली आणि तिनं बाराही मुलांना व्हरांड्यात रांगेनं उभं केलं.

"आता तुम्हीच नेटवर्क," ती म्हणाली. "एका संगणकाकडून दुसऱ्याकडे डेटा जातो, तो असाच. हातोहात."

कापडी पिशवी म्हणजे डेटाचं पाकीट. त्यात बारा चिंचोके. प्रत्येकानं एक काढून घ्यायचा आणि पाकीट पुढे द्यायचं. चिंचोके मध्येच संपले तर पाकीट मेलं. वाट चुकलेली पाकिटं जन्मभर फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. शेवटच्या ऋतिकला शेवटचा चिंचोका मिळाला की त्यानं टाळी वाजवायची, मग त्याच्या अलीकडच्यानं. अशी पोच टाळीटाळीनं पहिल्यापर्यंत परत यायची.

व्हरांडा मध्येच काटकोनात वळत होता. वळणाच्या अलीकडे सोमी, पलीकडे नवनाथ. दोघं एकमेकांना दिसत नव्हती. सोमीनं भिंतीआडून नुसता हात पुढे करायचा.

ऋतिकच्या हातात पिशवी रिकामी आली.

"दोन कोणी काढले रे?" संध्यानं विचारलं.

सगळ्यांनी मुठी उघडल्या. ऋतिक सोडून प्रत्येकाकडे एकच. फरशी धुंडाळली, खिसे झाडले. पुन्हा पिशवी भरली, पुन्हा तेच.

"मॅडम, पिशवी वली लागते," नवनाथ कुरकुरला. "ह्या सोमीचे हात वले हायत."

सोमीनं तळवे दाखवले. ठणठणीत कोरडे होते. पाऊस संपून महिने झाले होते, बाहेर शेतात भाताचे पेंढे करकरीत वाळले होते. संध्यानं कोपऱ्यावरून वाकून पाहिलं. नवनाथ उभा होता, त्याच्या पायाशी ऊन होतं, बाकी काही नाही.

तिला रडूच यायचं बाकी होतं. वर्षभर बंद पडलेल्या यंत्रांशी झटापट, आणि आता चिंचोकेही ऐकेनात!

"मॅडम, अजून एक टाका," सोमी हळूच म्हणाली. "त्यो बी एक काढतो ना."

"कोण तो?"

सोमीनं कोपऱ्याकडे बोट केलं.

फाटकाशी जीप थांबली. विचार करायला वेळ नव्हता. तपासणीसाठी संध्यानं आजवर आकड्यांची थोडी का जुळवाजुळव केली होती? एका चिंचोक्यानं काय बिघडणार होतं? तिनं तेरावा टाकला.

साहेब हात मागे बांधून पहिल्या मुलाशेजारी उभे राहिले. पिशवी निघाली. सोमीनं एक चिंचोका काढला आणि भिंतीआड हात घातला. हात रिकामा परत आला.

थोड्या वेळानं लांबून ऋतिकची टाळी ऐकू आली. संध्याचा जीव भांड्यात पडला.

टाळ्या एकेक करत जवळ येत होत्या. छाया. प्रिया. नवनाथ.

मग काहीच नाही.

सोमी दोन्ही तळवे दूर धरून उभी होती.

"अडकली का पोच?" साहेबांनी हसून विचारलं.

"सोमी, वाजव ना गं!" संध्या दातओठ खात पुटपुटली.

"थांबा मॅडम. आदी त्याची होऊ द्या."

भिंतीआडून टाळी आली. ओल्या हातांची.

मग सोमीनं आपली वाजवली.