औषधाच्या खणातला गूळ

तनिष्काला वळण नव्हतं. घरात येऊन सहा वर्षं झाली, कॉलेज शिकलेली, पण आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये एवढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यात आणखी एक खोड. पेटी परत जायची वेळ झाली की ही बया अंगणात जाऊन पाठमोरी उभी राहायची आणि उगीच रेंगाळायची. सासूबाई, शालनबाई, उंबऱ्यावरून बघायच्या. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई आत्ती, झाकण बघत होते."

ही जाणती पेटी. दर पंधरा दिवसांनी चार पंख्यांवर उडत यायची, अंगणातल्या फरशीवर बसायची आणि माल काढून घेतला की तासाभरात निघून जायची. तिच्याकडं काही मागावं लागत नसे. कंपनी याला पूर्वपाठवण म्हणायची. घरात तेल किती दिवस जातं, सण कधी आहे, कुणाला कसली गोळी चालू आहे, याचा अंदाज यंत्रच बांधायचं आणि मागायच्या आत माल दारात. पेटीतल्या प्रत्येक खणाला आपल्यातलं वजन कळायचं. नको असलेली वस्तू त्याच खणात ठेवायची. जेवढं परत जाईल तेवढं पुढच्या खेपेला कमी.

शालनबाईंनी हे सगळं बदलताना पाहिलं होतं. त्या लहान असताना वडिलांनी पेपरातली जाहिरात बघून भिंतीचं घड्याळ मागवलं होतं. ते दीड महिन्यानं पोस्टानं आलं आणि पैसे हातात पडेपर्यंत पोस्टमननं पुडकं सोडलं नव्हतं. मग फोनवरून साड्या यायला लागल्या. मोटारसायकलवाले देवळापाशी थांबून ओरडायचे, "मावशी, आता डावीकडं का उजवीकडं?" त्यांना निदान तांब्याभर पाणी देता यायचं. पेटी काय पिणार? म्हणून शालनबाई परत जाणाऱ्या पेटीत गुळाचा एक खडा ठेवायच्या. तोही औषधाच्या खणात. तो खण गार असतो, गूळ पाझरत नाही.

गेल्या खेपेला पेटी एक दिवस आधीच आली. तनिष्का भावाच्या साखरपुड्याला माहेरी गेलेली. शालनबाईंनी चांगला मोठा खडा ठेवला.

पंधरा दिवसांनी पेटी पुन्हा आली. तनिष्कानं औषधाचा खण ओढला आणि तिथंच थबकली. खण रिकामा होता. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं इन्सुलिन त्यातच यायचं. फ्रीजमध्ये आज रात्रीपुरतं उरलं होतं.

"इन्सुलिन कुठाय?" तिनं पेटीला विचारलं.

"गेल्या खेपेला आपण चार कुप्या परत केल्या," पेटी गोड आवाजात म्हणाली. "आपल्याकडे पुरेसा साठा आहे."

"कुप्या नव्हत्या त्या. गूळ होता!"

"गूळ आपल्या परत मालाच्या नोंदीत नाही."

"मला माणसाशी बोलायचंय."

"विनंती पोचली. चार दिवसांत संपर्क होईल."

शालनबाई उंबरा उतरून खाली आल्या. "माझा गूळ? मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"दर वेळी काढून घेत होते आत्ती. तुम्ही उंबऱ्यात, म्हणून पाठ करून. परत डब्यात ठेवायचे."

घरातला गूळ लवकर संपत का नाही, हे कोडं शालनबाईंना त्या क्षणी उलगडलं. पेट्या आल्यापासून तालुक्यातली औषधाची दुकानं एकेक करून मिटली होती. जिल्ह्याची गाडी उद्या दुपारी, आणि आबांना सकाळचीही सुई लागायची.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

वाडीतल्या शेवटच्या औषधाच्या दुकानात आता मक्याची पोती होती. मालक सुकुमार मगदूम, वय ऐंशीच्या पुढं, तिथंच खुर्ची टाकून बसलेले. तनिष्कानं जुनी कुपी पुढं केली. रिकाम्या फळ्यांवरून त्यांची बोटं अजून नेमकी फिरली.

"ही कुपी वरच्या आळीत दत्तूची बायको न्यायची. ती गेली. खालती कुंभाराची विमल न्यायची." त्यांनी हात खाली घेतला. "पण आता तिचं औषध बदललं असंल तर मला काय ठाऊक, वहिनी? पेटी कुणाच्या दारात काय ठेवती, शेजाऱ्याला तरी कळतंय का?"

विमलचं औषध बदललं नव्हतं. तिनं दोन कुप्या काढल्या, बर्फाच्या खड्यांवर फडकं घालून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. "दहा वर्षांत पहिल्यांदा दारात आलीस गं शालन," ती म्हणाली, "आन् ते बी औषधाला."

घरी येऊन आबांच्या कुप्या फ्रीजमध्ये गेल्या. विमलचा डबा धुऊन, पुसून शालनबाईंनी त्यात शेंगा भरल्या. तनिष्का दाराशी उभी होती.

"एवढी वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही ऐकलंच नसतं. मला माहीतच होतं, आत्ती."

शालनबाईंनी झाकण दाबून बसवलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"गूळ ठेवला, ती माझी चूक. तू काढत होतीस, ते शहाणपण. पण मी काय म्हणीन हे मला न विचारताच ठरवून टाकलंस. ती पेटी तरी दुसरं काय करती गं?"