चांगुणाची भाकर

१९९८च्या हिवाळ्यात विहिरींची पाहणी करायला धनराज एकटाच जीप घेऊन सुरगाण्याच्या डोंगरात गेला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दुपारी एका पाड्यावर थांबला, तर किराणा दुकानाला कुलूप. बहुतेक घरंही बंद. माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला गेलेली. एका कुडाच्या घरातून तेवढा धूर येत होता.

आत म्हातारी चांगुणा चुलीपाशी बसली होती.

"मावशी, काही खायला मिळेल का? दुकान बंद आहे."

"बस भाऊ. नागली हाय थोडी."

तिने दोन भाकरी थापल्या, उडदाची आमटी वाढली. "एक तू खा. एक मला ठेव हां," म्हणून हंडा घेऊन झऱ्यावर गेली.

पहिली भाकर कधी संपली ते कळलंच नाही. दुसरी तव्याशेजारी वाफाळत होती. धनराजने नजर वळवली, पुन्हा तिकडे पाहिलं, आणि तीही खाल्ली. मग त्याला पिठाचा डबा दिसला. तळ खरवडलेला होता.

ती यायच्या आत तो निघाला.

त्या दिवसापासून त्याला भूक लागेना. नाशिकला बायको सविता ताट वाढायची आणि तसंच उचलायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं. काही निघालं नाही. वजनसुद्धा घटलं नाही.

शेवटी तांदूळ, डाळ, तेल, गूळ असं सगळं भरून तो परत त्या पाड्यावर गेला.

चांगुणा ओट्यावर होती. गालांची हाडं वर आलेली.

"लय खाती, साहेब," शेजारचा पुंजा म्हणाला. "आम्हीच आणून देतो. पण अंगाला लागत नाय."

धनराजने मान खाली घातली. "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं."

"भूक लागली व्हती तुला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच त्याला तिथे उभं राहणं अवघड झालं.

धनराजने आणलेल्या तांदळाचा भात पुंजाच्या बायकोने रांधला. चांगुणा खाऊ लागली.

पहिल्या घासाला धनराजच्या घशातून काहीतरी ऊन खाली उतरलं.

त्याने जीभ फिरवून पाहिली. तोंड रिकामं होतं.

ती खात राहिली. त्याचं पोट पट्ट्याखाली ताठ होत गेलं.

"मावशी, थांबा."

तिने मान वर केली. ते भुकेले डोळे पाहून त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

ताट बोटाने निपटून ती वर तांब्याभर पाणी प्यायली.

ढेकर धनराजला आला.

"अजून हाय का, भाऊ?" चांगुणाने विचारलं.