पाच कच्चे डाख

डिसेंबरातल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की बस दिसायच्या आधी तिचा आवाज आला, आणि थांब्यावर न थांबता ती तशीच पुढे निघून गेली.

"गेली... हिच्या मारी," बाकाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी पुटपुटलं.

पद्मजा आठल्ये चमकली. वडिलांची बदली झाली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं ती चंडीगडात राहत होती. थांब्यावर हिंदी कानी पडायची, पंजाबी पडायची. पण मराठी शिवी ती आज प्रथमच ऐकत होती.

"पुढची पाऊण तासाने आहे," ती मराठीतच म्हणाली.

तो माणूस गडबडीने उठायला गेला. कुबडी ओल्या फरशीवर घसरली आणि बाक धरून त्याने कसाबसा तोल सावरला. तिशीचा, सावळा, अंगात लष्करी स्वेटर. डाव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली.

"माफ करा बाई. इथं कुणाला कळंल असं वाटलं न्हवतं."

"मला कळलं. बसला कळलं असेल असं वाटत नाही."

तो हसला... आणि मग लाजून धुक्याकडे बघत बसला. पाऊण तास दोघं बाकाच्या दोन टोकांना बसून राहिली. पण बस आली तेव्हा पद्मजाला वाटलं, आज जरा लवकरच आली.

एकाच ठिकाणी उतरल्यावर दोघांनाही कळलं, की पुढची वाटही एकच आहे. मीटर आणि मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात पद्मजा इन्स्ट्रक्टर होती. मागच्या वर्षीच्या लढाईत जायबंदी झालेल्या जवानांची एक तुकडी त्या दिवशी चार महिन्यांसाठी तिच्याकडे यायची होती. हजेरीच्या यादीतलं सातवं नाव त्याचं होतं: नायक रघुवीर साळुंखे, तालुका खटाव.

ती त्यांना डाखकाम, म्हणजे सोल्डरिंग, शिकवायची. तांब्याच्या बारीक तारा पट्टीवर डाखून जोडायच्या. "चांगला डाख चकाकतो," ती हिंदीत सांगायची. "कच्चा मळकट दिसतो. वरून जोडलेला वाटतो, पण ओढला की सुटतो. तार नीट तापायच्या आत हात मागे घेतलात, की डाख कच्चा." राळेचा धूर डोळ्यांत जायचा, बंदुका धरलेले हात त्या बारीक तारांपुढे थरथरायचे. रघुवीरचे सगळ्यांत जास्त.

एकदा तिने त्याचं मनगट धरून हात स्थिर केला. "श्वास रोखू नका, साळुंखे. नेम धरायचा नाहीये."

"मग काय करायचं?"

"थांबायचं. तार तापेपर्यंत."

"थांबायला मला जमतंय," तो हळूच म्हणाला. "सकाळी बसला थांबतोच की. दोन बस सोडून."

पद्मजाने मनगट सोडलं. दोन बस सोडून तिसरी तिची असायची.

जानेवारीत झड लागली. पंजाबातला तो हिवाळी पाऊस जोर करत नाही, नुसता टिपटिपत राहतो. दिवसभर दिवे लावून काम करावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत ती दोघं खिडकीशी बसू लागली. कॅन्टीनचे पराठे खाऊन कंटाळलोय, असं तो एकदा सहज बोलून गेला. त्या रविवारी पद्मजा मनीमाजऱ्याच्या बाजारात जाऊन बाजरीचं पीठ घेऊन आली.

"भाकरी चिरली आहे, बाई," डबा उघडून तो गंभीरपणे म्हणाला.

"मी कोकणातली. आम्हाला तांदळाची येते."

"शिकवू का? चार महिन्यांत तयार करतो. परीक्षा मात्र कडक घेईन."

"आणि नापास झाले तर?"

"तर पुन्हा पहिल्यापास्नं शिकवीन..." तो भाकरीकडे बघत म्हणाला.

तिचे कान तापले. घरी गेल्यावर वडिलांना पेपर वाचून दाखवताना ती एकच ओळ दोनदा वाचत होती. श्रीनिवास आठल्यांची, तिच्या नानांची, दृष्टी दोन वर्षांपासून मंदावत चालली होती. आई नव्हती, भावंडं नव्हती. ते कचेरीत अंदाजाने सह्या करत, आणि बाकी सगळं पद्मजाच्या डोळ्यांनी बघत. घरी परतायला तिला जरा उशीर झाला, तर ते दाराशी उभे असायचे.

मार्चमध्ये पानगळ सुरू झाली. इकडे पानं गळतात ती अशी वसंतातच. रस्तेच्या रस्ते पिवळे होतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विभागप्रमुख बत्रासाहेबांनी पद्मजाला बोलावलं. पुण्याच्या एका कारखान्यात जवानांसाठी एक जागा राखीव होती. महिनाअखेरपर्यंत माणूस पाठवला नाही, तर ती जायची. "आपका साळुंखे पक्का है ना?"

"जी. पक्का," ती म्हणाली.

परीक्षेला चाळीस डाख असायचे. चार कच्चे निघाले तरी चालायचे, पाच निघाले की नापास. सगळे जेवणाच्या सुट्टीला गेल्यावर पद्मजा एकेक पट्टी तपासू लागली. रघुवीरच्या पट्टीवर पाच डाख कच्चे निघाले.

तिने पुन्हा ओढून पाहिले. मग खुर्चीत टेकली. कोपऱ्यातले, अडचणीतले, भल्याभल्यांचे चुकणारे डाख आरशासारखे चकाकत होते. कच्चे पाच मात्र पहिल्या ओळीत होते, जे शिकाऊ माणसाला दुसऱ्या दिवशी जमतात. चुका अशा रांगेत परेडला उभ्या राहत नाहीत.

तिने त्याला बोलावून घेतलं आणि पट्टी त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"चुकलं, बाई."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्याने बघितलं नाही. "पास झालो तर पुण्याला जावं लागतंय. नापास झालो तर पुढल्या बॅचला पुन्हा बसता येतं. आणि ती बॅच... तुमचीच असते."

बाहेर पानं फरशीवरून खरखरत वाहत होती. पद्मजाच्या मनात आलं, निकालाच्या तक्त्यात पाच लिहिलं की झालं. खोटं तर नाहीच. आणखी चार महिने. सकाळचा थांबा, खिडकी, डबा. तिने पेन उचललंही होतं.

"तुमच्या घरी कोण आहे, रघुवीर?" तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं.

"आई. नोकरीचं पत्र कधी येतंय म्हणून दर टपालाला विचारती."

पद्मजाने पेन खाली ठेवलं. नवी कोरी पट्टी काढली. त्याच दिवशी फेरपरीक्षा घ्यायचा अधिकार तिला होता. "पुन्हा करा. माझ्यासमोर."

"हात चालायचा न्हाई."

"मला नापास झालेला माणूस नको आहे," पट्टी त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली. "माझ्यासाठी नापास झालेला तर मुळीच नको."

तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. तिने जे सांगितलं होतं, ते त्याला पुरतं कळलं होतं. मग त्याने डाखायचं आयर्न उचललं. राळेचा धूर वर चढू लागला. एकेक डाख चकाकत होता आणि एकेका डाखागणिक तो लांब चालला होता. ती शेजारी उभी राहून मोजत होती. चाळीसच्या चाळीस.

"आता तुम्ही सांगा," तो म्हणाला. "याल पुण्याला? माझ्याबरोबर?"

"नानांना इथे एकटं टाकून? त्यांना दिसत नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आणि ते स्वतःचं घर सोडून जावयाच्या घरी राहायला येणाऱ्यांतले नाहीत."

"मी थांबतो की."

"थांबा म्हणायचा मला हक्क नाही."

"हक्क न्हाई म्हणताय... नको म्हणत न्हाई."

तिने तक्ता ओढला आणि त्याच्या नावापुढे 'पास' लिहिलं. तो गेला तेव्हा स्टेशनवर ती गेली नाही. त्या दिवशी नानांना डॉक्टरकडे न्यायचं होतं.

वर्षभर त्याची पत्रं येत राहिली. मोठ्या अक्षरांतली, थोडक्यात लिहिलेली. त्यांत तो दर वेळी 'याल का' म्हणून विचारायचा, आणि ती दर वेळी हवापाण्याचं उत्तर पाठवायची. पुढच्या वैशाखात एक पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली होती, तिने हट्टच धरला, आणि गावातल्याच एका मुलीशी त्याचं लग्न झालं. "तुमच्याकडून हो आलं असतं, तर म्हातारीशी भांडलो असतो. तुम्हाला कळवल्याबिगर राहवलं न्हाई," एवढंच शेवटी होतं.

पद्मजा पत्र हातात घेऊन व्हरांड्यात उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. आतून नाना चाचपडत आले.

"पुन्हा तेच पत्र का?"

ती दचकली. "तुम्हाला कसं..."

"दर पंधरा दिवसांनी पोस्टमन येऊन गेला, की तू वेगळ्या पावलांनी चालतेस. कोण आहेत ते?"

तिने सांगितलं. बाकापासून वैशाखापर्यंत, काही न गाळता. नाना कठड्याला धरून ऐकत होते.

"माझ्यासाठी राहिलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही इथून हलला नसता, नाना."

"मी हललो असतो," ते शांतपणे म्हणाले. "आंधळ्याला चंडीगड काय आणि पुणं काय. उद्याच्या उद्या राजीनामा दिला असता. तू विचारलं नाहीस, पद्मा."

समोरच्या रस्त्यावर संध्याकाळची बस येऊन थांबली, माणसं उतरली, पांगली. तिने नानांचा हात धरला आणि उंबरा आहे, असं सांगत त्यांना सावकाश आत घेऊन गेली.