पऱ्हाटीमागचं आभाळ

दारव्ह्याच्या बसस्थानकासमोर परवेजभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथल्या कम्प्युटरपुढे दीपमाला बसायची. दोन हजार सहाचा मार्गशीर्ष. दहा वाजले तरी धुकं काचेवरून उतरायला तयार नव्हतं. ती उठली, ओढणीचं टोक काचेवर फिरवलं — आणि पुसल्या जागेतून दोन डोळे तिच्याकडेच पाहत होते.

"उघडं हाय काय दुकान?" बाहेरून आवाज आला.

"बंद दुकानाची काच पुसते काय कोणी?"

हसत हसत तो आत आला. सावळा, उंच, अन् खांद्यावरच्या थैलीतून डोकावणारी खंजिरी. त्या खंजिरीवरूनच तिनं ओळखलं. गेल्या गुरुवारी आईसोबत ती बोरी अरबला सप्त्यातल्या कीर्तनाला गेली होती. बुवांचा अभंग रंगात आला, तेव्हा मागे हीच खंजिरी बोलत होती. डोळे मिटून ऐकावं, तर तिचे डोळे मेले त्या बोटांवरच...

"मी इंद्रजित. बोरीचा." त्यानं टेबलावर एक फोटो ठेवला.

कमरेएवढी पऱ्हाटी, बोंडं फुटून पांढरंशुभ्र झालेलं वावर, मधोमध तो. केसात कापसाचा एक पुंजका अडकलेला.

"फोटू तं चांगला हाय."

"माणूस राहू द्या. मागचं सारं काढून टाका."

"काहून?"

त्यानं मान खाली घातली. "अमरावतीचं स्थळ हाय. आत्या म्हणते, मागं पऱ्हाटी दिसली का पोरीवाले फोटू उलटा ठेवते. एखादी मोठी बिल्डिंग लावा... पुण्याची गिण्याची."

वर्षंच तशी होती. कापूस पिकवणारा म्हटलं की पोरीची माय चहाचं आधण उतरवून ठेवायची. दीपमालाला हे ठाऊक होतं. तिच्या मामानंही नोकरीवालाच पाहायचा चंग बांधला होता. तरी 'स्थळ' हा शब्द ऐकून तिच्या छातीत काहीतरी हलकेच निसटलं. का? नुसती दोन बोटं पाहिली होती तिनं... खंजिरीवरची.

तिनं फोटो कम्प्युटरात घेतला. माऊस धरून त्याच्या खांद्याची, मानेची, कानाची कड कापत गेली. केसापाशी आली आणि — अंधार. अकराचं भारनियमन.

"गेले!" ती म्हणाली.

"कोण?"

"तुमी. अर्धे कापले होते तुमाले."

"सेव्ह नव्हतं केलं?"

"नाही ना..." तिनं ओठ चावला. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो साडेदहाला हजर. तिसऱ्या दिवशीही. कधी तिनं त्याच्यामागे काचेची इमारत लावली, कधी पुलावरचे दिवे. एकदा गंमत म्हणून बर्फाचा डोंगर लावला, तर तो म्हणाला, "थंडी वाजून राह्यली, काढा!" मग इमारत परत आली. पण दीपमालाची मान काही हलेना.

"काय चुकलं?"

"तुमच्या तोंडावर ऊन डावीकडून हाय, अन् बिल्डिंगवर उजवीकडून. ऊन दोन बाजूनं येते काय कवा?"

तिनं इमारत उलटी फिरवली, ऊन जुळवलं, त्याच्या गालावरचा तांबूसपणा जरा उतरवला. तो पडद्याकडे कमी अन् तिच्याकडे जास्त पाहत होता. तेवढ्यात अकरा वाजले. अंधारात त्याची बोटं टेबलावर हलकेच ठेका धरू लागली, अन् तिचा पायही नकळत...

"इंद्रजितभाई," परवेजभाई दारातून म्हणाले, "तुमी येता अन् लाइट जाते. चक्कर काय हाय?"

तो नसायचा तेव्हा ती आणखी एक फोटो करी. कोणी न सांगितलेला. त्यात वावर तसंच, कापूस तसाच. फक्त आभाळ बदललेलं. उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ काढून तिथं काकडआरतीच्या वेळचं केशरी-गुलाबी आभाळ, थर थर करत उजळत नेलेलं. इमारतीच्या फोटोतून तिनं केसातला पुंजका पुसला होता. इथं मात्र राहू दिला.

पाचव्या दिवशी त्याची आत्याच आली. विमलताई.

"पोरी, एका फोटूले चार दिवस? माही बस साडेअकराची हाय!"

घड्याळात साडेदहा. अर्धा तास टाळलं तर वीज आपोआप जाईल, फोटो अमरावतीला जायचा नाही... दीपमालाचा हात थबकला. पण कीर्तनात बुवा बोलले होते: हातातलं काम म्हणजे नैवेद्य, तो आपण उष्टावू नये. तिनं इमारतीचाच फोटो काढून दिला. एकही खोट न ठेवता.

"अगंबाई, कलेक्टर दिसून राह्यला!" विमलताई हरखून निघून गेल्या.

मग आठ दिवस रोज साडेदहा वाजले, रोज अकराला अंधार झाला. टेबलावर ठेका वाजला नाही.

नवव्या दिवशी काचेपाशी कोणीतरी उभं राहिलं. काच आज बाहेरूनच पुसली जात होती.

"फोटू पास झाला," आत येत इंद्रजित म्हणाला.

"बरं झालं..." तिनं नजर माऊसवर ठेवली.

"फोटू पास, मी नापास. पोरीच्या बापानं इचारलं, हापिस कोणत्या मजल्यावर? म्या सांगितलं, बिल्डिंग दारव्ह्याच्या कम्प्युटरातली हाय. माही चार एकर पऱ्हाटी हाय, अन् एक खंजिरी. आत्या अजून बोलत नाही माह्याशी."

"काहून सांगितलं पण?"

"ऊन एकाच बाजूनं येते. तुमीच तं शिकवलं." मग खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. "अन् हे आता लपवत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक. पाहूनच येत होतो रोज."

दीपमाला हसली, आधी डोळ्यांनी, मग सगळी.

"अन् मले सेव्ह करता येत नाही वाटलं तुमाले? तीन वर्षं झाले इथं बसून!"

मग तिनं हळूच तो दुसरा फोटो उघडला. वावरावर पहाट पसरली. तो वाकून पाहत राहिला, कितीतरी वेळ.

"हे... कवा केलं?"

"तुमी नव्हते तवा."

"बाजूले जागा दिसते. एक माणूस मावते तिथं."

"पोरीवाले फोटू उलटा ठेवते म्हणे."

"तू ठेवशील?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. मामाचा नोकरीवाला जावई तिच्या डोळ्यांपुढून गेला... अन् जाऊ दिला तिनं.

"नाही," ती म्हणाली. "एकादशीले मायले घेऊन येतो कीर्तनाले. आत्याले आण तवा. मामाले मी सांगतो. अन् केसातला कापूस झटकून येऊ नको."

तेवढ्यात अकरा वाजले. पडदा काळा झाला.

"गेलं?" अंधारात तो पडद्याकडे झुकला. "गेलं काय सारं?"

"नाही," ती म्हणाली. "आज सेव्ह केलं."