लोणी वितळवायचं नाही

"कशी आहे?" शेजारी बसलेल्या त्याने विचारलं, तेव्हा मी कादंबरीच्या शेवटच्या पानावर होते आणि कंपनीची बस चांदणी चौकात नेहमीसारखी अडकली होती.

मी मान वर केली. त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कात्रजहून येणारी दुसरी बस स्वारगेटला बंद पडली होती, म्हणून तिच्यातली माणसं आमच्या बसमध्ये चढली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती… इतकाच काय तो योगायोग. डिसेंबरचं धुकं खिडकीला चिकटलं होतं आणि त्याचा चष्माही थोडा धुरकटला होता.

मी रोज सकाळी दिवा लावून पंचशील म्हणते. आई म्हणायची, तिच्यानंतर मी. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. लोकांना वाटतं, तेवढं एक तरी सोपं असेल. पण 'छान आहे' म्हणून सुटता येण्यासारख्या जागा दिवसभरात किती येतात, हे ते पाळणाऱ्यालाच कळतं.

"कादंबरी चांगली आहे," मी म्हणाले. "पण तिच्यातली बिस्किटं होत नाहीत."

माझा आवाज मुळातच लहान. त्याला पुढे वाकावं लागलं.

"होत नाहीत म्हणजे?"

"वाहून जातात. मी करून बघितली."

मग मला सगळं सांगावं लागलं. कादंबरी कॅम्पातल्या एका बेकरीची होती. तिथली एस्तेर दर नाताळाला संत्र्याची बिस्किटं करते, बोटीवर निघून गेलेल्या एका माणसासाठी. तो येत नाही, ती करत राहते. शेवटच्या पानावर लेखकाने त्या बिस्किटांची कृती दिली होती. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कोणी जे लिहून दिलंय ते तसंच्या तसं करून बघायचं आणि कुठे मोडतं ते सांगायचं. ही सवय घरीही सुटत नाही. रविवारी मी आईचा काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन काढला, कृती समोर ठेवली आणि अक्षर न् अक्षर पाळलं. फक्त रमऐवजी संत्र्याचा रस जास्त घातला, कारण पाचवं शील, मद्य न घेण्याचं. झाकण उघडलं तर सगळ्या बिस्किटांचं मिळून एकच बिस्किट झालं होतं.

"रम घातली नाहीत, म्हणून असेल," तो म्हणाला. चेहरा अगदी गंभीर.

"रमचा काही दोष नाही. लोणी वितळवायचं नाही, फेटायचं असतं. मैदाही दुप्पट हवा. ज्याने हे लिहिलंय त्याने आयुष्यात बिस्किट केलेलं नाही."

त्याने माझ्या हातातलं पुस्तक हलकेच घेतलं, उलटं केलं आणि मागच्या फोटोवर बोट ठेवलं.

"दाढी काढली मी नंतर," तो म्हणाला.

हिंजवडी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा स्वारगेटला उभा. मी विचारलं, तुमची बस अजून दुरुस्त झाली नाही का? तर म्हणाला, झाली की कालच, पण तिच्यात मला कोणी चुका सांगत नाही. मी माझं नाव सांगितलं, मैत्री. त्याचं नाव पियुष बेलदरे. आंबेगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. शेतावर आता इमारती उभ्या होत्या आणि त्यांतल्याच एकीत घरचे सगळे राहत होते. दिवसा तो एका अमेरिकन बँकेसाठी प्रोग्रॅम लिहायचा आणि पहाटे उठून ही कादंबरी. पुस्तकं छापून दुकानात पोचली होती. प्रकाशन तेवढं बाकी होतं.

त्या पानाचं काय करायचं, हे विचारायला तो प्रकाशिका विमलाबाईंकडे गेला. दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू या म्हणाला. विमलाबाई म्हणाल्या, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी मी कधी चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत, लोण्यासाठी चिकटवू? मग त्यांनीच तोड काढली. प्रकाशनाला हारतुरे नकोत, वक्ते नकोत. वाचकांनी आपापल्या घरची, सुट्टीत होणारी बिस्किटं आणावीत आणि कृती एकमेकांना द्याव्यात. चुकीची कृती तिथेच जाहीरपणे मागे घेऊ. "आणि लेखकाने," त्या म्हणाल्या म्हणे, "निदान एकदा बिस्किटं करून दाखवावीत. पुण्यात लोक पुस्तक माफ करतात, खाणं नाही."

म्हणून मी आंबेगावला गेले. शिकवायला.

दार त्याच्या आईने उघडलं. तुळजाबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि मागे संगमरवरी ओटा. "ये गं बाय," त्या म्हणाल्या. ओव्हन बिल्डरने भिंतीतच बसवून दिला होता. त्यांनी त्याचं दार उघडून आतल्या कढया एकेक करून बाहेर काढल्या. डबडं मोठं हाय, भांडी बरीच मावत्यात, असं त्यांचं ओव्हनबद्दलचं मत. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आडनाव काय म्हणायचं?

"ओव्हाळ," मी म्हणाले.

हे आडनाव सांगितल्यानंतरचा क्षण मी शाळेपासून ओळखते. समोरचं माणूस काही बोलत नाही, फक्त त्याच्या डोळ्यांत एक हिशेब होऊन जातो. तुळजाबाईंच्याही झाला. पियुष ओट्यापाशी मैदा चाळत होता, त्याचा हात थांबला. मी थांबले नाही. लोणी फेटत राहिले… पांढरं, मऊ, ढगासारखं होईपर्यंत.

पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा घरभर संत्र्याच्या सालीचा वास होता. तुळजाबाई आल्या, निवायची वाट न बघता एक बिस्किट उचललं, तोंडात टाकलं आणि जीभ भाजल्यामुळे बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "चिमूटभर मीठ घातलंस व्हय? ग्वाड चढतं त्येनं." दुसरं उचललं आणि पदराखाली धरून बाहेर गेल्या.

आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. तो हलकेच हसत होता, पण डोळे पाणावलेले.

मग त्याने विचारलं, एस्तेर कशी वाटली? बिस्किटं सोडून. मी म्हटलं, तिच्यातही तेच चुकलंय. इतकी वर्षं ती वाट बघते, पण त्याला जाताना एकदाही विचारत नाही की थांबतोस का. न बोलण्याला तुम्ही फार मोठं करून ठेवलंय.

"तुम्ही असतात तर विचारलं असतं?"

मी ट्रे पुसायला घेतला. पुसून झालेला होता तरी.

त्याच रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. बाबा म्हणजे भीमराव ओव्हाळ. पोस्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. औरंगाबादहून एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं धम्मातली, साधी. नाताळानंतरच्या रविवारी बघायला येणार होती. बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, तुझ्या मनात कोणी असेल तर आत्ताच सांग, माणसं लांबून येतात.

मी गप्प राहिले.

मी खोटं बोलले नाही. 'कोणी नाही' असं म्हणाले असते, तर शील मोडलं असतं. मी फक्त बोलले नाही. बाबांनी पोळीचा तुकडा पुन्हा उचलला, मग म्हणाले, बरं, तर मग येऊ देत.

अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात आलं की मी पंचशील किती नीट पाळते, आणि त्याच्या आडोशाला किती छान लपते.

प्रकाशनाचा दिवस नाताळाच्या तोंडावरचा रविवार. नेमकी पौर्णिमा. पौर्णिमेला मी उपोसथ धरते. सकाळी विहारात जाऊन आठ शीलं घ्यायची, पांढरी साडी, दागिना नाही, फूल नाही, आणि दुपारी बाराच्या आत एकदा जेवलं की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही खायचं नाही. बाबाही माझ्याबरोबर आले कार्यक्रमाला. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचा उपोसथ बंद केलेला. वाटेत म्हणाले, ज्याच्या कादंबरीसाठी तू आठवडाभर संत्री किसतेयस, तो माणूस बघू तरी.

सदाशिव पेठेतला तो लहानसा हॉल डब्यांनी भरून गेला होता. कॅम्पातल्या एका वयस्कर बाईंनी कुलकुल आणले होते, शंखांसारखे वळलेले. कोणाची नाचणीची बिस्किटं, कोणाची नानकटाई, कोणाची जिऱ्याची. माणसं एकमेकांच्या डब्यात डोकावत होती, कागद मागत होती, तूप किती ते पुन्हा पुन्हा विचारत होती. दारात गजरे वाटत होते, मी हात जोडून पुढे गेले. विमलाबाईंनी माइक हातात घेतला आणि एवढंच म्हणाल्या की शेवटच्या पानावरची कृती कोणी करू नये, त्याआधीची सगळी पानं जरूर वाचावीत, पुस्तक आता प्रकाशित झालेलं आहे. लोक हसले, टाळ्या वाजल्या आणि सगळे पुन्हा डब्यांकडे वळले.

पियुष गर्दीतून माझ्याकडे आला. हातात लहानशी ताटली, तिच्यात एकच बिस्किट. कडा थोड्या करपलेल्या.

"हे मी एकट्याने केलंय," तो म्हणाला. "आईलाही हात लावू दिला नाही."

मी बिस्किटाकडे बघत राहिले.

"मैत्री… मला तुमच्याबरोबर राहायचंय. जन्मभर. आईला मी सांगितलंय. ती रागावली, मग रडली, मग म्हणाली, तिला विचार आधी." त्याने ताटली थोडी पुढे केली. "तुम्हाला बोलणं अवघड जातं, मला माहीत आहे. म्हणून बोलू नका. हे उचललंत तर मी समजेन. नाही उचललंत… तरी समजेन."

किती हळुवारपणे त्याने माझ्यासाठी एक दार उघडून ठेवलं होतं. शब्द नकोत, वर बघायला नको. फक्त हात पुढे करायचा. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी ते उचललं असतं आणि आयुष्यभर मनात जपलं असतं, की मला काही बोलावं लागलं नाही.

पण दुपारचे बारा केव्हाच वाजून गेले होते, बाहेर सूर्यही मावळला होता.

माझा हात पुढे गेला नाही. मी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. आधी डोळे, मग ओठांच्या कडा. तो अगदी सभ्यपणे ताटली मागे घेऊ लागला.

"आज पौर्णिमा आहे," मी म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही. शेजारी कोणीतरी बेकिंग पावडरवरून वाद घालत होतं.

"मी आज दुपारनंतर खात नाही."

त्याने मान हलवली. काहीतरी कारण सांगून मी त्याचं मन राखतेय, असंच त्याला वाटलं असणार. "हरकत नाही," तो म्हणाला आणि वळला.

त्याची पाठ बघताना मला एस्तेर आठवली नाही, शीलं आठवली नाहीत. मला फक्त दिसत होतं की हा माणूस आता या गर्दीत जाईल, आणि मी एकही खोटा शब्द न बोलता त्याला जाऊ दिलेलं असेल.

"अहो," मी म्हणाले. आणि तो वळेपर्यंतही धीर धरला नाही. "मी ते बिस्किट खाणार नाही, पण मला तुमच्याशी लग्न करायचंय."

माझा आवाज इतका मोठा होऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बेकिंग पावडरचा वाद थांबला. कुलकुलवाल्या बाईंनी डब्याचं झाकण छातीशी धरलं. पियुष ताटली घेऊन जागच्या जागी उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकणार नाही, कारण मी बघू शकले नाही. माझी नजर त्याच्या मागे गेली होती.

तिथे बाबा उभे होते. हातात कागद, त्यावर नानकटाईची कृती अर्धी उतरवलेली.

बाबांनी पेन खिशाला लावलं. कागदाची घडी घातली. हळूहळू चालत आले आणि पियुषच्या समोर थांबले. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, पोस्टात पत्ता नीट वाचता येत नसला की ते पाकिटाकडे बघायचे तसं.

"तुमच्या घरी ही जेवायला बसेल," बाबा म्हणाले, "तेव्हा पंगतीत बसेल की वेगळी?"

"पंगतीत," पियुष म्हणाला. "आईच्या शेजारी."

बाबा माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"औरंगाबादला सकाळी फोन करतो. लांबून येणारी माणसं ती." मग त्यांनी ताटलीकडे बोट केलं. "यात साखर आहे?"

"आहे," पियुष म्हणाला.

"असू दे," बाबा म्हणाले आणि ते बिस्किट उचलून त्यांनी तोंडात टाकलं.