थापाड्याची साक्ष

“अहो, कोणीतरी टोक धरा हो!”

मेघा शिडीवरून ओरडली खरी, पण चर्चमध्ये माणूस आहे की नुसते बाक, हेही तिला ठाऊक नव्हतं. एक हात खिडकीच्या टोकदार कमानीवर, दुसऱ्या हातात मोजटेप, ओढणी खिळ्याला अडकलेली, आणि टेपचं मोकळं टोक खाली नागिणीसारखं वळवळत निघालेलं. जळगावचा ऑक्टोबर होता. बाहेर असं ऊन की मेहरूणच्या तलावातले मासे गारव्याला झाडाखाली येऊन बसत, असं सांगणारे सांगतात. आत मात्र काळ्या दगडाच्या भिंतींनी शंभरावर वर्षांचा गारवा माठातल्या पाण्यासारखा जपून ठेवला होता.

एकाएकी टेप ताणली गेली. कोणीतरी टोक धरलं होतं.

“धरलं!” खालून आवाज आला. “आता ‘सोडू नका’ असं म्हणा. नाहीतर मी विसरून जातो.”

“सोडू नका!”

“झालं. दिला शब्द.”

मेघानं वाकून पाहिलं. सावळा, उंच तरुण. खिडकीतल्या रंगीत काचेतून आलेल्या उन्हाचा लाल तुकडा नेमका त्याच्या गालावर पडलेला आणि डोळ्यांत दही चोरलेल्या मांजरासारखं हसू.

“मी प्रेमराज. नाव आईबापांनी ठेवलंय, माझा त्यात काही दोष नाही.”

हा प्रेमराज आठवडाभर शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकायचा आणि रविवारी याच चर्चमधली पायपेटी वाजवायचा. तिसरा धंदा बिनभांडवली – थापा मारणे. अख्खी मंडळी त्याला थापाड्याच म्हणायची.

आणि मेघा? चोपड्याच्या झुलाल आबांची मुलगी. बाप केळीच्या बागेत रमलेला, लेक इमारतींच्या नकाशांत. मुंबईतल्या जुन्या चर्चांचे नकाशे काढून त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी लागली होती. बांद्र्यापासून वसईपर्यंत केवढी चर्चेस! साहेबांनी सांगितलं, “येण्याआधी तुमच्याकडचं एखादं मोजून आणा, हात बसेल.” म्हणून ही शिडी, ही टेप… आणि आता हे टोक धरणारं माणूस.

“ही घंटा कुठली?” दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

“विलायतेची. निघाली होती धुळ्याच्या चर्चला. पण जळगाव स्टेशनात तिला वांग्याच्या भरताचा वास आला, आणि उतरली ती उतरलीच. बैलजोड्या थकल्या, घंटा हलेना.”

“आणि छत? उपड्या नावेसारखं का दिसतं?”

“लाकूड सातपुड्याचं, नकाशा गोऱ्या साहेबाचा. सुतारानं नकाशा उलटा धरला.”

“हो का? मग खांबांच्या माथ्यावरची पानं?”

“केळीची.”

“गप रे! ती ग्रीक पानं असतात. काटेरी. जगभरच्या चर्चांत असतात.”

“साहेबही तेच म्हणाला. पाथरवट म्हणाला, ‘साहेब, ग्रीस मी देखं नही. केळी देख्यात.’”

मेघा हसत हसत शिडी चढली. मोबाइलचा उजेड टाकला… आणि तिचं हसू थांबलं. मधोमध जाड शीर, कडा वाऱ्यानं फाटल्यासारख्या. आबांच्या बागेतलं पानच कुणीतरी दगडात ठेवून दिलेलं!

इथूनच पंचाईत सुरू झाली. नुसत्या थापा मारणारा माणूस सोपा असतो. त्याच्या थापांत मधूनच खरं निघायला लागलं की माणसाची झोप उडते.

दिवस सरत गेले. परतीचा पाऊस आला, तेव्हा दोघं चर्चच्या दारमंडपात अडकली. दगडावर पावसाचा ताशा वाजत होता, मध्ये केळीच्या वेफर्सची पुडी. दोघांचे हात एकदमच पुडीत गेले – आणि एकदमच बाहेर आले, रिकामे.

“तू मुंबईला गेलीस ना,” तो पावसाकडे बघत म्हणाला, “की ही पायपेटी रडेल.”

“पायपेटीचं सोड. तुझं काय?”

“माझं…?” तो थांबला. “माझं म्हणजे… मी असा रडेन की तापीला पूर येईल. भुसावळचा पूल बंद ठेवावा लागेल.”

थाप! मेघानं पुडी त्याच्या हातात कोंबली.

“प्रेमराज, तुला एक सांगू? उद्या तू कुणाला काही मनापासून बोललास ना, तर तिला ते खरं वाटणार नाही. आणि चूक तिची नसेल.”

ती पावसातच निघाली. तो पुडी धरून उभाच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला थाप सुचली नाही.

मेघाची गाडी रविवारी संध्याकाळची होती. त्याच सकाळी चर्चमध्ये कापणीचा सण होता. पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवायचं, आणि एकेकानं उभं राहून वर्षभरातल्या एखाद्या उपकाराबद्दल देवाचे आभार मानायचे. त्याला साक्ष देणं म्हणतात. प्रेमराजनं कधीच साक्ष दिली नव्हती. त्याची साक्ष ऐकून घेणार कोण?

शनिवारी दुपारी मेघा शेवटची मापं घ्यायला आली. वेदीभोवती ज्वारीच्या पेंढ्या, ऊस आणि कापसाच्या बोंडांचा ढीग लागला होता. वेदीमागची अर्धगोल भिंत तेवढी मोजायची राहिली होती. तो एका टोकाला, ती दुसऱ्या.

शेवटी तोच बोलला. “या भिंतीचं एक आहे. इथं कोपऱ्यात तोंड लावून कुजबुजलं, की पार त्या कोपऱ्यात ऐकू येतं. मधे उभ्या माणसाला नाही. आवाज भिंतीच्या कडेकडेनं जातो.”

“घंटेसारखा? भरताच्या वासावर?”

“बघ बोलून.”

मेघाला हसू आलं, मग भरून आलं. उद्या आपण नसणार. ही याची शेवटची थाप… घ्यावी ऐकून. ती भिंतीकडे वळली, गार दगडाला गाल लावला, आणि जे कोणालाच ऐकू येणार नाही याची तिला खात्री होती, ते बोलून टाकलं –

“थापाड्या, तू मला फार आवडतोस. तू थांब म्हणालास ना, तरी मी थांबणार नाही. पण तू म्हणावंस एवढं वाटतं.”

मग दगडातूनच आल्यासारखा, अगदी कानापाशी, थरथरता आवाज आला –

“थांब नाही म्हणणार. जा तू. …पन तू माले आवडस, मेघा. पहिल्या दिवशी टोक धरलं तेव्हापासून.”

घरातली बोली! थाप मारताना तो नेहमी झकास शुद्ध मराठी बोलायचा. मेघाचे कान केळफुलासारखे लाल झाले. भिंत खरी होती! म्हणजे –

तेवढ्यात ज्वारीच्या पेंढ्यांमागून, भिंतीला पाठ लावून झेंडूच्या माळा ओवणाऱ्या प्रमिला अक्का उठून उभ्या राहिल्या. चर्चमधल्या फुलांचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच.

“माले बी ऐकू उनं बरं का, बठ्ठं!” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत पुन्हा माळेला बसल्या.

रविवारी झुलाल आबा लेकीला गाडीत बसवून द्यायला आले ते खांद्यावर केळीचा घड घेऊनच. चर्चमध्ये ते आयुष्यात पहिल्यांदा येत होते. चपला दाराशी काढल्या, बाक सोडून जमिनीवर मांडी घातली. “पहिलं पीक देवाचं,” म्हणाले, “देवाचं घर कोणतं का असेना.”

साक्षी सुरू झाल्या. कुणी म्हैस बरी झाली म्हणून, कुणी नातू झाला म्हणून. आणि मग पायपेटीमागून प्रेमराज उठला. बाकांवर खसखस पिकली.

“प्रेमराज,” पाळकसाहेब हळूच म्हणाले, “देवाच्या घरात आहेस हं.”

“हो साहेब.” त्यानं पायपेटीचं झाकण लावलं. “यंदा माझ्या हातात एका टेपचं टोक आलं. दुसरं टोक ज्या हातात होतं… त्या हाताबद्दल देवाचे आभार. एवढंच.”

सगळे पुढच्या थापेची वाट बघत राहिले. पुढे काही नव्हतंच.

“खरं का रे?” मागून कुणीतरी विचारलं.

“खरं शे!” प्रमिला अक्का ताडकन उठल्या. “हाऊ पोऱ्या जल्मभर थापा मारस, पन आज खरं बोलना. मी साक्षीदार! आन् ती भिंत बी.”

हशा उसळला. त्या हशात आबांनी मान न वळवता लेकीला विचारलं, “दुसरं टोक कोनाजोडे व्हतं वं?”

मेघानं ओढणीचा शेव मुठीत आवळला. “…माझ्याकडे, आबा.”

आबा बराच वेळ खांबाच्या माथ्यावरची पानं बघत बसले. दगडाची केळी. कोणी कोरली, कोणासाठी कोरली, आणि आली कुठे!

प्रार्थना संपल्यावर ते पायपेटीपाशी गेले. प्रेमराजला वरून खाली न्याहाळलं.

“ती टेप मुंबईलगून पुरी का?”

“पुरेल, आबा.”

“थाप?”

“नाही आबा.”

“हं. मना मळान्या नळ्या तुंबी गयात. ये एक दिन, देखी ले.”

संध्याकाळी गाडी सुटली तेव्हा मेघा खिडकीत होती, टेप तिच्या मांडीवर, आणि टेपचं टोक फलाटावर उभ्या प्रेमराजच्या हातात. पाचोरा गेलं, चाळीसगाव गेलं, टेप आपली उलगडतच होती. मनमाडला एका हमालानं ती दोरी समजून कपडे वाळत घातले म्हणतात.

खोटं वाटत असेल, तर प्रमिला अक्कांना विचारा.